शरयूला जंगलाने मारलं नाही

शरयू गेल्याचं मला तिच्या मुलीने, ईशाने, फोन करून सांगितलं. ती कशाने गेली हे मात्र मला आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. पहिली बातमी खरी होती, दुसरी खोटी. मी तेव्हा ऑफिसात होते. नॉटिंगहॅमजवळच्या एका कौन्सिलमध्ये रस्तेदुरुस्तीच्या विभागात मी काम करते, म्हणजे खड्ड्यांवरून चिडलेल्या लोकांच्या तक्रारी वाचते आणि त्यांना न चिडता उत्तरं देते. ईशाचा फोन ठेवला, समोरचं अर्धवट उत्तर पूर्ण करून पाठवलं आणि कोट घालून बाहेर पडले. बसस्टॉपवर पोचेपर्यंत ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. वर फुलांच्या चौकटीत शरयूचा कुठल्यातरी हळदीकुंकवातला फोटो आणि खाली मजकूर, की आपल्या सर्वांच्या लाडक्या शरयूताईंचं आफ्रिकेच्या प्रवासात झालेल्या संसर्गामुळे दुःखद निधन झालं. समोर आलेली बस मी सोडून दिली आणि तिथेच उभी राहून ते वाक्य परत वाचलं. आफ्रिकेच्या त्या प्रवासात मी तिच्यासोबत होते.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. राग ओसरला की लिहायचं असं मी ठरवलं होतं. तो ओसरत नाही, म्हणून आहे तसाच घेऊन बसले आहे. शरयूला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. तो डासांकडून येत नाही, पाण्यातून येत नाही, माकडांकडून तर नाहीच नाही. तरीही तिच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा आठवडा आज तिच्या मरणाचं कारण म्हणून सांगितला जातो आहे, आणि तो आळ पुसायला ती इथे नाही. युगांडा म्हटलं की आपल्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात, तिथून हाकलून दिलेले गुजराती आणि ताप. तिसरं काही तिथे असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

शरयूची आणि माझी ओळख तिच्या दुकानात झाली. आमच्या भागातल्या एका केमिस्टकडे ती फार्मासिस्ट होती. मी या देशात नवीन होते, घसा बसला होता, आणि खोकल्याच्या बाटलीची किंमत बघून मराठीत काहीतरी पुटपुटले. काउंटरमागून आवाज आला, ‘महाग आहेच. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. आणि हे मी सांगितलं असं मॅनेजरला सांगू नका.’ मान वर केली तर पांढऱ्या कोटातली एक ठेंगणी बाई अगदी सरळ चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती. पुढे वर्षानुवर्षं मी त्या काउंटरला टेकून तिच्याशी गप्पा मारल्या, त्यामुळे तिचं काम मला पाठ आहे. पित्ताच्या, जळजळीच्या गोळ्या घ्यायला कोणी आलं की ती पुडकं हातातून सोडायच्या आधी विचारायची, किती दिवस घेताय? दोन आठवड्यांपेक्षा जास्त घ्यावी लागत असेल तर डॉक्टरकडे जा, नुसतं दाबून ठेवू नका. समोरचा घाईत असला तरी ती पुडकं सोडत नसे. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. माझ्या रागाचा मोठा हिस्सा त्या पुडक्यावर आहे.

पक्ष्यांचा नाद तिला लहानपणापासून लागलेला. दापोलीला घरामागच्या आंब्याखाली, पाचोळ्यात, तिने पहिल्यांदा नवरंग बघितला होता. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, आखूड शेपूट, आणि कोंबडीच्या पिल्लासारखा जमिनीवर टुणटुण उड्या मारणारा. इथे आल्यावर रविवारी सकाळी ती ट्रेंट नदीकाठच्या तळ्यांवर जायची. पूर्वी तिथून वाळू-खडी काढत, आता पाणी साचून तळी झाली आहेत. काठावर लाकडी खोपटी आहेत आणि त्यांत दुर्बिणी घेऊन बसलेले, कोणाशी न बोलणारे इंग्रज. मी चालण्याचा व्यायाम म्हणून सोबत जायचे. ते इंग्रज शरयूला कितीतरी महिने फक्त मान हलवत होते. मग एकदा तिने कुठलंसं बदक त्यांच्या आधी ओळखलं, तेव्हा त्यातल्या एकाने तिला आपल्या थर्मासमधला चहा दिला. ‘मेधे, आज मला नागरिकत्व मिळालं,’ ती मला परत येताना म्हणाली.

तिचा नवरा श्रीकांत कधी तळ्यावर आला नाही. तो एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. माणूस सज्जन आहे, हे मी रागातसुद्धा कबूल करते. पण काळजी हा त्याचा धर्म आहे. बाहेर पडताना टायरमधली हवा, रस्त्यावरचं बर्फ, घरी पोचल्यावर मेसेज… आणि त्याची एक सवय मला पहिल्यापासून खटकायची. शरयूला काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. शरयू, कशी आहेस? तर श्रीकांत म्हणणार, आम्ही मजेत. शरयू, चहा घेणार? तर श्रीकांत म्हणणार, तिला संध्याकाळी चालत नाही. ती हसून सोडून द्यायची. मी एकदा तिला म्हटलं, अगं, एखाद्या दिवशी तुला हो म्हणायचं असेल तर? ती म्हणाली, मग मी तुझ्याकडे येऊन पिते की.

ईशा नोकरीसाठी एडिनबराला गेली आणि शरयूने जाहीर केलं, की युगांडातल्या किबालेच्या अरण्यात जायचं. तिथे नवरंगाचा एक भाऊबंद राहतो, हिरव्या छातीचा. दिसायला अतिशय अवघड. तो बघायचा. श्रीकांतने लगेच नाही म्हटलं नाही, तो तसा माणूसच नाही. तो तिला रोज एक बातमी पाठवायला लागला. एक दिवस साप, एक दिवस ताप, एक दिवस उलटलेली बस. शेवटी तो म्हणाला, एकटी नको. मग माझी निवड झाली. मला पक्ष्यांत रस नाही, पण मी सहसा आजारी पडत नाही आणि घाबरत नाही, एवढ्या दोन गुणांवर.

किबालेचं अरण्य म्हणजे झाडांचं गाव आहे आणि माणसाला तिथे फक्त पाहुणा म्हणून प्रवेश आहे. आम्हाला वाट दाखवायला ग्रेस नावाची तिथली गाईड होती, माझ्याच वयाची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. रानात हत्ती असतात म्हणून मागे एक बंदूकवाला. पहिल्या सकाळी मी तयार होऊन बाहेर आले तर ग्रेस मला बघून हसायलाच लागली. पाऊस लागला तर असावं म्हणून मी माझं कौन्सिलचं जाकीट नेलं होतं, रस्त्याच्या कामावर घालतात ते, भडक पिवळं, चमकत्या पट्ट्यांचं. कपडा काही वाईट नाही, पाणी आत येत नाही. शरयू मात्र संतापली. ‘मेधे, तू इथे ट्रॅफिक अडवायला आलीस का?’ ते जाकीट मला उलटं करून घालावं लागलं. ग्रेस म्हणाली, असं जाकीट घातलेली माणसं तिच्या गावात येतात तेव्हा रस्ता होतो, म्हणून मॅडमने घालावं, काही सांगता येत नाही. पुढचे सगळे दिवस ती मला रस्तेमंत्री म्हणत होती.

मुंग्या चढू नयेत म्हणून पँट मोज्यांत खोचायची, आणि बोलायचं नाही. पहिले दोन तास मला वाटलं, हे काय चाललंय. मान वर करून करून मानेला रग लागते आणि पक्षी पानाआड. मग हळूहळू कान उघडतात. डोक्यावरून धनेश उडत गेला तर कोणी सुपात धान्य पाखडतंय असा आवाज. लांबून चिंपांझींचा आरडाओरडा, भांडणाऱ्या सोसायटीच्या मीटिंगसारखा, आधी एक, मग दोघं, मग कोणीच ऐकून घेत नाही. टुराको नावाचा एक मोठा निळा पक्षी बघितला, मोराचा रंग आणि कोंबडीची अक्कल, फांदीवर उडी मारायच्या आधी बराच वेळ विचार करणारा. शरयू हे सगळं बघत होती तेव्हा तिचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. दुकानातला नव्हे, मंडळातला नव्हे, श्रीकांतशेजारचा तर नव्हेच. कोणीही तिच्या वतीने काही बोलत नव्हतं. ग्रेस खुणेने विचारायची, दिसला? आणि ती स्वतः मान हलवायची. हो, किंवा नाही.

नवरंगाचा भाऊबंद दोन सकाळी फक्त ऐकू आला. तिसऱ्या दिवशी आम्ही अजून अंधार असतानाच रानात शिरलो, एका जागी उभ्या राहिलो आणि ग्रेसने बॅटरी बंद केली. डोळे मिटले काय नि उघडले काय, सारखंच. थोड्या वेळाने झाडांचे आकार सुटे झाले आणि अगदी जवळून आवाज आला… प्रर्र. खळ घातलेल्या साडीची घडी झटकन मोडावी तसा, पण एवढासाच. मग परत. ग्रेसने माझं डोकं धरून वळवलं. खालच्या आडव्या फांदीवर मुठीएवढा पक्षी बसला होता. तो जागच्या जागी उंच उडाला, पंख वाजवले आणि पुन्हा तिथेच येऊन बसला. उजेड वाढत गेला तशी छाती हिरवी झाली, पोट लाल झालं, पंखावरचे ठिपके निळे चमकले. मी शरयूकडे बघितलं. ती एका मोठ्या मुळावर बसली होती, एका हाताने दुर्बीण डोळ्याला धरलेली, दुसरा हात पोटावर. पक्षी उडून जाईपर्यंत ती हलली नाही. मग नाक पुसलं आणि मला म्हणाली, ‘अगं, हा नाचतो. आपला नाही नाचत.’

पोटाला काय झालं, असं मी विचारलंच. कालचा शेंगदाण्याचा रस्सा बाधला असेल, ती म्हणाली. तो रस्सा मीही दोनदा वाढून घेतला होता. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला एक पोरगेला गडी पोळीत आम्लेट गुंडाळून देत होता. शरयूने हौसेने घेतलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं माझ्या हातात दिलं. म्हणाली, भूक नाही गं, आनंदानेच पोट भरलं. मी तेही खाऊन टाकलं.

परत आल्यावर तिचं वजन उतरायला लागलं. जेवण जाईना, पाठीत दुखायचं. श्रीकांत तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि अर्थातच आत जाऊन शेजारच्या खुर्चीत बसला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? श्रीकांत म्हणाला, युगांडाहून आल्यापासून. त्या शब्दानंतर त्या खोलीत दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तिच्या रक्तात मलेरिया शोधला, शौचात जंत शोधले, सापडले नाहीत तरी जंतांचं औषध दिलं. मग परदेशातल्या तापांचं क्लिनिक, त्याची वेटिंग लिस्ट, तिथे पुन्हा त्याच तपासण्या. ज्यांनी तपासलं ते मूर्ख नव्हते. त्यांना एक उत्तर हातात मिळालं होतं आणि ते सोडवेना, एवढंच. महिने गेले. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मग एक दिवस मी गेले तर तिचे डोळे पिवळे होते. मंडळातून कोणी गावाकडचं काविळीचं औषध मागवू का विचारलं, कोणी म्हणालं, बघा, तिथल्या पाण्याने लिव्हर गेलं. मी तिला गाडीत घालून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला नेलं. तिथल्या डॉक्टरणीने पोट दाबून बघितलं आणि त्याच दिवशी स्कॅन करायला लावला. मग सगळं कळलं, आणि आता करण्यासारखं फारसं उरलं नाही हेही कळलं.

वॉर्डात एका दुपारी श्रीकांत पार्किंगची मुदत वाढवायला खाली गेला. तेवढ्यात शरयू म्हणाली, ‘मेधे, एक सांगते. चिडू नकोस.’

‘मग सांगूच नकोस.’

‘दिवाळीपासून दुखतंय.’

मी विचारलं, कुठल्या दिवाळीपासून. कारण नुकतीच एक दिवाळी होऊन गेली होती.

‘ही नव्हे. आधीची. जंगलाच्या आधीची.’

म्हणजे विमानात बसली तेव्हा ती सहा-सात महिने गोळ्या खात होती. स्वतःच्याच दुकानातल्या, स्वतःच्याच हाताने घेतलेल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला पुडकं धरून ठेवून प्रश्न विचारणाऱ्या या बाईने स्वतःला तो एकदाही विचारला नव्हता. डॉक्टरांना का नाही सांगितलंस, मी म्हटलं. ती म्हणाली, श्रीकांत बसलेला असायचा ना. त्याला कळलं असतं, की दुखत असताना मी लपवून गेले. आधी कळलं असतं तर जाऊच दिलं नसतं, आणि नंतर कळलं असतं तर आयुष्यभर मनाला लावून घेतलं असतं. मी तिच्यावर ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये हे मला माहीत आहे, मी ओरडले. नर्स पडद्याआडून डोकावून गेली. मी म्हटलं, त्याच्या मनाला लागू नये म्हणून तू मरणार का? आत्ता वर येईल तेव्हा सांग. ती शांतपणे म्हणाली, ‘तो आफ्रिकेला शिव्या देतो. देऊ दे. आफ्रिकेला काही होत नाही.’ आणि मग मला वचन द्यायला लावलं, की ती असेपर्यंत मी त्याला सांगणार नाही. लिफ्टमधून बाहेर येणाऱ्या श्रीकांतच्या बुटांचा आवाज आला. मी हो म्हटलं.

आधी कळलं असतं तर ती वाचली असती का? मी इमर्जन्सीतल्या त्या डॉक्टरणीला विचारलं होतं. ती म्हणाली, या आजारात तसं सांगता येत नाही, कदाचित काहीच फरक पडला नसता. मी हे उत्तर जसंच्या तसं लिहिते आहे, कारण मला कोणावर खोटा आरोप करायचा नाही. पण ‘कदाचित’ हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. तिने तो शब्द स्वतःच्या हाताने दूर सारला, नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

ती गेल्यावर मंडळाने शोकसभा ठेवली, एका शाळेच्या हॉलमध्ये. एक ज्येष्ठ काका माइकवर बोलले. निसर्गाच्या ओढीने शरयूला आपल्यातून नेलं, आपणही परदेशप्रवासात काळजी घ्यावी, वगैरे. लोक माना हलवत होते. श्रीकांत पहिल्या रांगेत होता, तोही मान हलवत होता. मी उठून उभी राहिले आणि जागेवरूनच म्हटलं, की मी तिथेच होते, तेच पाणी प्यायले, तोच रस्सा खाल्ला, तिच्या उरलेल्या आम्लेटसकट, आणि मी ही तुमच्यासमोर उभी आहे. शरयूला कॅन्सर होता. तो शब्द उच्चारायला तुम्हाला जड जात असेल तर आफ्रिकेच्या माथी मारू नका. शेजारच्या बाई माझा हात ओढत कुजबुजल्या, मेधाताई, ही वेळ नाही. मी विचारलं, मग कुठली? त्यांनी चहाचा कप पुढे केला.

बाहेर पार्किंगमध्ये ईशा माझ्यामागे आली. इथे जन्मलेली पोरगी, तिचं मराठी तिच्या परीने चालतं. ‘मावशी, बाबा सगळ्यांना तेच सांगतो. फॉरेस्टमुळे झाला. मला एक सांग. तू पाठवलेल्या फोटोत आई एवढी हसते. ती खरंच हॅपी होती, का पेन लपवून हसते?’

त्या दिवशी मला कळलं, की हे प्रकरण फक्त युगांडाच्या अब्रूचं नाही. या मुलीकडे आईचं हसणं तेवढं उरलं होतं आणि तेही तिला संशयाने बघावं लागत होतं. मी तिला म्हटलं, दोन्ही. दुखत होतं आणि आनंदात होती. तू मोठी आहेस, एका माणसाला दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात. ती गाडीला टेकून रडली. तिचं आवरेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, आणि श्रीकांतशी बोलायचंच असं तेव्हाच ठरवलं. वचन ती असेपर्यंतचं होतं.

बोलायची वेळ त्यानेच आणली. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. ‘मेधा, तुमच्या कौन्सिलच्या टिपवर कचरा न्यायचा तर बुकिंग कसं करतात?’ मी विचारलं, काय टाकायचंय. म्हणाला, शरयूचं थोडं सामान, एक पिशवी आहे फक्त. एका पिशवीसाठी कोणी टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचराडेपोवर, जात नाही. मी ऑफिस सुटल्यावर थेट त्याच्याकडे गेले.

गॅरेजमध्ये एक काळी पिशवी होती, तिच्यावर दुसरी, वरून चिकटपट्टी. आत तिचे रबरी बूट, टोपी, दुर्बीण. तिचं निदान झालं त्या आठवड्यातच त्याने हे सगळं बांधून ठेवलं होतं. जंतू असतील म्हणून. निदान झाल्यावर. कॅन्सर हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर. तिथे माझा तोल गेला. मी म्हटलं, ‘श्रीकांत, हिला आफ्रिकेत काही झालेलं नाही. त्याच्या आधीच्या दिवाळीपासून दुखत होतं. तिने तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही जाऊ दिलं नसतं. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण तुम्ही शेजारी बसला होता. आता ही पिशवी टिपवर जाणार नाही.’

तो आत गेला. मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेले, कारण मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. त्याने किटली लावली, चालू करायची विसरला आणि टेबलाशी बसला.

‘मला माहीत होतं,’ तो म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

‘दिवाळीचं नव्हतं माहीत. संक्रांतीच्या सुमारास लक्षात आलं. ती ठेचा खायची बंद झाली. बरणी तशीच्या तशी. आमच्याकडे भांडी मी घासतो, मेधा. ताटात काय उरतं ते मला दिसतं. विचारलं तर म्हणाली, वयाने तिखट सोसत नाही. मी धरून बसलो नाही.’

मग डॉक्टरांना युगांडा का सांगितलंत, मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

‘कारण आफ्रिकेतला जंतू असेल तर तो गोळ्यांनी जातो. आधीपासूनचं असेल तर… मला आफ्रिकाच हवी होती. प्रत्येक तपासणीच्या वेळी मी देवाला सांगत होतो, मलेरिया निघू दे.’

म्हणजे त्या लहानशा खोलीत, डॉक्टरांसमोर, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून ही दोघं एकच खोटं बोलत होती. ती त्याला लागू नये म्हणून, आणि तो आधीपासूनचं दुखणं खरं ठरू नये म्हणून. इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या या दोघांनी एकमेकांना एवढं सांभाळलं, की त्यात मधल्यामध्ये आजार आरामात वाढला. लोक याला प्रेम म्हणतील. मला त्याला काय म्हणावं ते कळत नाही, आणि कळेपर्यंत मी रागावलेलीच राहणार आहे. तिच्यावर, त्याच्यावर, त्या एका शब्दावर थांबलेल्या डॉक्टरांवर, आणि हात जोडून खोटं पसरवणाऱ्या सगळ्यांवर.

मी त्याला म्हटलं, निदान आता लोकांना खरं सांगा. ईशाला तर सांगाच. तो म्हणाला, ईशाला मी सांगेन, उद्याच. बाकीच्यांना माझ्याच्याने नाही होणार. तुम्ही लिहा. माझं नाव घालून लिहा. म्हणून हा लेख, आणि म्हणून त्यात हे सगळं आहे. छापायला देण्याआधी त्याने आणि ईशाने तो वाचला आहे. एक शब्द बदलायला सांगितला नाही.

मी किटली चालू केली. चहा झाला. श्रीकांतने कप हातात घेतला आणि मला अशी गोष्ट विचारली जी आम्ही परत आल्यापासून आजवर त्याने एकदाही विचारली नव्हती. ‘तिथे पहाटे थंडी वाजायची का हो तिला?’

मी सांगितलं, वाजायची थोडी. अंगावर माझं जाकीट टाकलं होतं, उलटं करून. मग उलटं का, ते सांगितलं. ग्रेसचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, तो पक्षी फांदीवर कसा उडी मारायचा आणि तो गेल्यावर ती काय म्हणाली ते सांगितलं. मी सांगत होते आणि तो ऐकत होता. एकदाही मध्ये बोलला नाही. शरयूबद्दल बोलणं चाललेलं असताना त्याला इतका वेळ गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

निघताना मी गॅरेजमधली पिशवी फाडली. दुर्बीण ईशासाठी काढून टेबलावर ठेवली. बूट हातात घेऊन तो विचारात पडला, तळव्याला लाल माती वाळून घट्ट बसली होती. धुऊ का, त्याने विचारलं. मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा, मी काही सांगणार नाही. काल पुन्हा गेले होते. बूट मागच्या दाराशी पायपुसण्यावर उभे आहेत, त्याच्या बुटांशेजारी. माती तशीच आहे.